शिरस्तेदारांच्या घरचे मासे

आमच्या घरमालकांनी एकदा दारावर आलेल्या मासेवालीला सुरमईचा स्वभाव विचारला. भाव नव्हे, स्वभाव. सुरमई टोपलीत आडवी पडली होती, अंगावर बर्फाचा चुरा होता, आणि केळुसकर शिरस्तेदार पायरीवर उकिडवे बसून चौकशी करत होते की ही समुद्रात असताना कळपाने राहते की एकटी, आणि दुसऱ्या माशांशी तिचं कितपत पटतं. सत्यभामा मासेवालीचा जन्म मासे विकण्यात गेलेला. तिने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, सुरमईकडे एकदा पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "माका काय ठावक? माझ्याकडे येता तेवा ती गपच आसता."

शिरस्तेदारांना हे उत्तर पटलं. त्यांनी मान डोलावली आणि सुरमईऐवजी बांगडे घेतले.

वासुदेव केळुसकर हे मालवणच्या दिवाणी कोर्टात शिरस्तेदार होते, म्हणजे कारकुनांतले सगळ्यांत वरचे. निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, पण गावात त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. उंच, किडकिडीत, बारा महिने पांढरा सदरा, आणि चष्मा कपाळावर चढवून समोरच्याकडे बघायची सवय. ओठांवर एकच प्रश्न. "स्वभाव कसो?" आंब्याचं कलम आणायला गेले तरी हाच प्रश्न, सुताराला खुर्ची सांगितली तरी लाकडाबद्दल हाच प्रश्न. विहिरीला नवा दोर घेतला तेव्हा दुकानदाराला विचारलं, दोराचा स्वभाव कसा. दुकानदार म्हणाला, ओढाल तसा. तो दोर त्यांनी परत केला.

मी मूळचा कोल्हापूरचा. एकोणीसशे ऐंशीच्या पुढची ती वर्षं. बँकेने मला मालवणला टाकलं आणि मी खोली शोधत त्यांच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, जाऊन उभा राहिलो. पगार, जात, गाव यातलं काहीही न विचारता ते म्हणाले, "स्वभाव कसो आसा?"

मी म्हणालो, चांगला आहे.

ते म्हणाले, तसं सगळेच सांगतात. मग त्यांनी मला चहा दिला, तो मुद्दाम कढत दिला, आणि मी बशीत ओततो की फुंकर मारत बसतो हे बघत राहिले. शेवटी विचारलं, राग आला की बोलता की गप्प बसता? मी म्हणालो, गप्प बसतो. त्यावर त्यांनी खोलीची किल्ली माझ्यासमोर ठेवली. "माणूस बोलणारो बरो," ते म्हणाले, "पण भाड्यान रवणारो गप रवणारोच बरो."

हे वेड त्यांना कोर्टाने लावलं होतं. जन्मभर त्यांनी भावाभावांचे, दिराभावजयांचे, शेजाऱ्याशेजाऱ्यांचे दावे पाहिले. एका फणसाच्या झाडावरून दोन सख्खे भाऊ इतकी वर्षं भांडले की झाड वाळून पडलं तरी दावा उभाच होता. लोक म्हणतात जमिनीवरून भांडणं होतात, पण जमीन बिचारी पडून असते, असं त्यांचं मत. ज्यांचं पटत नाही त्यांना कोणीतरी एका छपराखाली आणून ठेवतं, आणि ठेवण्याआधी स्वभाव विचारत नाही, हे खरं कारण. "आधी इचारलेला बरा," असं म्हणून ते विषय संपवत.

घरात ते एकटे राहत. त्यांच्या बायकोला सगळे माई म्हणत. सुनेच्या बाळंतपणासाठी माई मुंबईला मुलाकडे, विनूकडे गेल्या, त्या तिकडेच अडकल्या. सून नोकरी करणारी, नात लहान. पहिल्यांदा पावसाळ्यानंतर येणार होत्या, मग शिमग्याला, मग आंब्याच्या दिवसांत. मी राहायला गेलो तेव्हा तर येण्याचा विषयही निघत नव्हता. त्यांची हिरवी साडी मात्र आतल्या दांडीवर घडी करून टाकलेली असायची, आणि शिरस्तेदार ती मधूनमधून झटकून, पुन्हा घडी घालून, तिथेच टाकायचे.

मध्ये नात आजारी पडली तेव्हा ते स्वतः मुंबईला जाऊन आले. मोठी ट्रंक घेऊन गेले होते, आणि लवकरच तीच ट्रंक घेऊन परत आले. मी विचारलं तर म्हणाले, तिथल्या पाण्याला औषधाचा वास येतो. खरं कारण पुढे त्यांच्याच तोंडून निसटलं. सुनेचे आईवडील भेटायला आले होते, आणि शिरस्तेदारांनी चहा पिता पिता त्यांना अगदी निर्मळ मनाने विचारलं, की मुलीच्या अंगात जो राग आहे तो दोघांपैकी कोणाकडचा. त्यानंतर त्या दोन खोल्यांत त्यांच्याशी नात सोडून कोणी धड बोलेना.

मुंबईहून आल्यावर काही दिवस ते नुसतेच खळ्यात फेऱ्या मारत. आणि एका सकाळी मी बँकेत निघालो असताना त्यांनी मला थांबवून सांगितलं की घरात काचेची पेटी करून तिच्यात मासे पाळायचे आहेत. पाण्यातल्या झाडांसकट. रंगीत, गोड्या पाण्यातले.

हे मालवणात सांगणं म्हणजे काय, ते मालवणात राहिल्याशिवाय कळायचं नाही. जिथे सकाळी उठून पहिला विचार आज मासे कुठले हा असतो, तिथे मासे बघण्यासाठी पाळायचे ही कल्पना लोकांच्या डोक्यात शिरेना. पेटीची लोखंडी चौकट जोडणाऱ्याने विचारलं, झाकण कसलं हवं, वाफ बाहेर जाणारं की कोंडणारं. काच कापणाऱ्याने सोलकढीची चौकशी केली. शेजारच्या काकू मला हळूच म्हणाल्या, एकटा राहून माणसाचं असं होतं. सत्यभामाने तर हे मनाला लावून घेतलं. आपल्या टोपलीत काही कमी आहे म्हणून हे घरात मासे पिकवताहेत, असा तिचा समज झाला आणि पुढचे काही दिवस ती आमच्या दारावरून गेलीच नाही.

पेटी तयार झाली. पहिल्यांदा पाणी भरलं तेव्हा सगळ्या सांध्यांतून गळली, लांबीचा लगदा भरून पुन्हा सुकवली, पुन्हा गळली, तिसऱ्या खेपेला टिकली. मला वाटलं होतं ती पडवीत ठेवतील, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. त्यांनी ती माजघरात ठेवली, स्वयंपाकघराच्या दाराजवळ, खिडकीखाली. तिथे एक बसकं बाकडं होतं, त्याच्या बरोबर समोर. तिथे कोण बघणार, मी म्हणालो. तिथला उजेड चांगला आहे, एवढंच ते म्हणाले.

मग वाळू. समुद्राची वाळू घराच्या मागेच होती, पण तिच्यात शिंपल्यांचा चुरा, तो पाण्याचा गुण बदलतो, असं त्यांना कोणी सांगितलं. म्हणून नदीची वाळू आली, ती त्यांनी तांदूळ धुवावेत तशी पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुतली. पट्टीसारख्या लांब पानांचं पाणगवत ओढ्यातून आणून लावलं. मासे येण्याआधी कितीतरी आठवडे नुसतं पाणी आणि गवत असलेली ती पेटी माजघरात उभी होती, आणि हे समोरच्या बाकड्यावर बसून तिच्याकडे बघत. आमची विहीर समुद्राजवळची, उन्हाळ्यात तिचं पाणी जरा मचूळ होई. रोज सकाळी ते पेटीतलं चमचाभर पाणी जिभेवर घेऊन बघत आणि नुकताच निकाल ऐकल्यासारखा चेहरा करत.

गवताने मूळ धरलं, नवी पानं फुटली, तेव्हा ते मला म्हणाले, "पाटलांनू, आता जावया. तुमच्या कोल्हापुरात."

महाद्वार रोडजवळच्या एका बोळात रंगीत माशांचं दुकान होतं. मालक बनियनवर बसलेला, तोंडात पान. त्याला वाटलं, म्हातारा नातवासाठी दोन गोल्डफिश नेईल. शिरस्तेदारांनी चष्मा कपाळावर चढवला आणि एकेका पेटीसमोर उभं राहून उलटतपासणी सुरू केली. आणि गंमत म्हणजे एरवी मालवणीत बोलणारा हा माणूस तिथे एकदम कोर्टाच्या मराठीत शिरला.

"सदर मासा झाडं उपटतो काय?"

दुकानदार म्हणाला, गोल्डफिश जरा उकरतो आणि पानंही खातो. गोल्डफिश बाद झाला. एंजलकडे ते बराच वेळ बघत उभे राहिले, कारण तो दिसायला खानदानी होता. पण मोठा झाल्यावर लहान मासे गिळतो, हे दुकानदाराने नाइलाजाने कबूल केलं. असे खानदानी आपण फार पाहिलेत, असं म्हणून ते पुढे सरकले. फायटर एकटाच का ठेवलाय, त्यांनी विचारलं. दुसरा नर समोर आला की मरेस्तोवर भांडतो, दुकानदार म्हणाला. शिरस्तेदारांनी त्या माशाकडे ओळखीचा माणूस भेटल्यासारखं पाहिलं. अंगावर काळे पट्टे असलेला टायगर बार्ब त्यांना आवडला, पण तो दुसऱ्याच्या लांब शेपट्या कुरतडतो असं कळलं. लुकलुकणारे निळे टेट्रा फार नाजूक, त्यांना मचूळ पाणी सोसणार नाही. प्रत्येक माशाबद्दल तेच प्रश्न. एकटा राहतो की घोळक्यात? वर राहतो की तळाशी? दुसरा जेवत असताना मध्ये तोंड घालतो काय? अमक्याच्या शेजारी तमका ठेवला तर?

दुकानदाराने पान थुंकलं आणि हात जोडले. "काका, तुम्ही मासे न्यायला आलाय का सोयरीक जुळवायला?"

"दोन्ही एकच," शिरस्तेदार म्हणाले.

शेवटी निवड झाली. गप्पी आणि प्लॅटी, कारण ते गरीब स्वभावाचे आणि आमच्या पाण्याला चालणारे. स्वॉर्डटेलची एक जोडी, उडी मारतात म्हणून झाकणाच्या अटीवर. आणि मोतिया रंगाच्या दोन गोरामी, ज्या इतक्या संथ होत्या की त्यांच्याबद्दल विचारण्यासारखं काही उरलंच नाही. आम्ही निघताना दुकानदाराने सुटकेच्या आनंदात एक टायगर बार्ब वर टाकला, भेट म्हणून. शिरस्तेदारांना नको होता. पण दिलेल्या गोष्टीला नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

त्या एस.टी.च्या प्रवासाबद्दल काय सांगू. हवा भरून रबर लावलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, काही त्यांच्या मांडीवर, काही माझ्या. फोंडा घाटाच्या आधी गाडी थांबली तेव्हा ते उतरून ड्रायव्हरकडे गेले आणि वळणं जरा सांभाळून घ्यावीत अशी विनंती करून आले. ड्रायव्हरला वाटलं गाडीत बाळंतीण आहे. त्याने घाट इतका हळू उतरवला की मागच्या गाड्या भोंगे वाजवून थकल्या. खाली आल्यावर त्याला पिशव्या दिसल्या. त्यानंतर कणकवलीपर्यंत त्याने एकही खड्डा चुकवला नाही.

पेटीत मासे सुटले आणि घराचा कारभारच बदलला. पहिली अडचण जेवणाची. शिरस्तेदार मासे खाणारे, आणि पानावर तळलेला बांगडा असताना समोर पेटी. त्यांना घास जाईना. उपाय म्हणून जेवायच्या वेळी ते पेटीवर जुना पंचा टाकत, आणि हात धुतल्याशिवाय तो काढत नसत. एकदा मी विचारलं, माशांना काय कळतंय? ते म्हणाले, कळत नसेलही, पण आपण आपलं वागणं बरं ठेवावं.

दुसरी अडचण गप्पींची. मादीला पिल्लं झाली. गप्पीची पिल्लं अंड्यातून नव्हे, आईच्या पोटातूनच पोहत बाहेर येतात. शिरस्तेदार इतके आनंदले की मला बँकेतून बोलावून घेतलं. मी पोचेपर्यंत निम्मी पिल्लं नाहीशी झाली होती. आईनेच खाल्ली होती. ते बाकड्यावर सुन्न बसलेले. इतक्या वर्षांत कोर्टात असं प्रकरण आलं नव्हतं, ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी ओढ्यावर जाऊन आणखी गवत आणलं आणि एक कोपरा दाट करून टाकला, पुढच्या खेपेला लपायला जागा असावी म्हणून.

आणि तिसरा तो भेटीचा बार्ब. पहिले काही दिवस तो गवतात चूप होता. मग त्याने एका गप्पीची शेपटी कुरतडली, मग दुसऱ्याची. शिरस्तेदारांनी त्याला समज दिली, अक्षरशः काचेला तोंड लावून, शुद्ध मराठीत. शेवटी त्याला लोणच्याच्या रिकाम्या बरणीत काढलं आणि बरणी स्वयंपाकघरात ठेवली. संध्याकाळी पाहतो तर बरणी पेटीला टेकून उभी. एकटं ठेवणं ही फार मोठी शिक्षा झाली, ते मला म्हणाले, निदान दुरून तरी सगळे दिसू देत. तो बार्ब बरणीच्या त्या एकाच बाजूला दिवसभर खालीवर करत राही. ते पाहणंही त्यांना जमेना. पुढच्या आठवड्यात मी कोल्हापूरला निघालो तेव्हा त्यांनी बरणी माझ्या हातात दिली. दुकानात त्याच्यासारखे पुष्कळ आहेत, त्यांच्यात सोडून या, म्हणाले.

पावसाळ्यात एकदा माडाचं झावळ तारांवर पडलं आणि वाडीतली वीज गेली. पेटीतला हवेचा पंप बंद. मासे वर येऊन तोंडं उघडी टाकू लागले. मी संध्याकाळी बँकेतून आलो तेव्हा शिरस्तेदार बाकड्यावर उभे होते आणि तांब्याने पेटीतलं पाणी घेऊन उंचावरून पुन्हा पेटीत सोडत होते. सकाळपासून. दुपारी जेवले नव्हते. मी तांब्या मागितला तर द्यायला तयार होईनात. शेवटी पाणी पेटीबाहेर सांडायला लागलं तेव्हा दिला, आणि बाजूला बसून मी नीट ओततोय ना ते बघू लागले.

"चतुर्थीपर्यंत टिकूक होये," ते हळूच म्हणाले.

मी मागे वळून पाहिलं. त्यांनी लगेच विचारलं, बँकेत आज गर्दी होती का.

चतुर्थीला विनू आला, छोट्या नातीला घेऊन. सुनेला रजा नव्हती. आणि माई आल्या. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. ठेंगणी, हसऱ्या डोळ्यांची बाई. खळ्यात पाऊल टाकल्यापासून वाडीतल्या बायकांनी त्यांना घेरलं, त्यामुळे घरात यायलाच बराच वेळ गेला. शिरस्तेदार पडवीत उगीच खांबाला हात लावून उभे. माई आत गेल्या, माजघरात आल्या, आणि पेटीसमोर थांबल्या.

खिडकीतून ऊन पेटीत उतरलं होतं. गवताची लांब पानं हलत होती आणि दोन्ही गोरामी त्यांच्यामधून संथ चालल्या होत्या. हातातली पिशवी घेऊनच माई बाकड्यावर बसल्या.

शिरस्तेदार मागून आले आणि ओळख करून द्यायला लागले. हा अमुक, हा स्वभावाने भित्रा, पण बाकीच्यांशी जमवून घेतो. ही जरा खादाड. ह्या दोघी कोणाच्या अध्यातमध्यात नाहीत. कधी नव्हे इतकं बोलत होते, आणि बायकोकडे बघत मात्र नव्हते, पेटीकडेच बघत होते. माई सगळं ऐकत होत्या. मध्येच पुढे वाकून त्या म्हणाल्या, "आणि ह्या बारक्या पिल्लू कोण?"

दाट गवताच्या कोपऱ्यात, पानाच्या आड, पापणीच्या केसाएवढं एक पिल्लू होतं. शिरस्तेदारांनी चष्मा खाली ओढला. त्यांना ते दिसलंच नव्हतं. बराच वेळ दोघं त्या कोपऱ्याशी वाकून बसलेली, डोक्याला डोकं लागेल इतकी जवळ. मी माझ्या खोलीत निघून गेलो.

सणाचे दिवस भर्रकन गेले. घरात पाहुणे, आरत्या, मोदक, नातीचा दंगा. पण जरा मोकळीक मिळाली की माई बाकड्यावर. नारळ तिथेच खवत, भाजी तिथेच निवडत, आणि मधूनच काहीतरी बघून एकट्याच हसत. शिरस्तेदार दाराआडून ते बघून जात. मला रोज वाटायचं, आज ते म्हणतील, थोडे दिवस मागे राहा. विनूसुद्धा एकदा माझ्यापाशी म्हणाला, बाबांनी एक शब्द टाकला तरी मी तिकडे काहीतरी सोय करीन. पण ज्या माणसाने जगात सगळ्यांना सगळं विचारलं, त्याच्या तोंडून हे एक विचारणं काही निघालं नाही.

जाण्याचा दिवस आला. गाडी दुपार कलल्यावरची. शिरस्तेदार म्हणाले की आज पेटीचं पाणी बदलायचा दिवस आहे, तेव्हा स्टँडवर पाटील येतील. पायरीपर्यंत आले, नातीच्या डोक्यावरून हात फिरवला, माईंना म्हणाले, "सांभाळून." आणि आत गेले.

स्टँडवर विनू सामान टपावर चढवण्यात गुंतला होता. माई माझ्याजवळ उभ्या होत्या. कोणाला तरी सांगायचंच होतं अशा आवाजात त्या बोलू लागल्या. नात आजारी होती तेव्हा हे मुंबईला आले होते. डॉक्टरांच्या दवाखान्यात अशीच एक काचेची पेटी होती, आणि नंबर लागेपर्यंत त्या तिच्यासमोर बसून होत्या.

"मी तेंका म्हटलंय, असा कायतरी घरात आसता तर माजघरात बसान माका एकटा वाटला नसता," त्या म्हणाल्या. "जन्म गेलो माझो त्या बाकड्यार. हे कोर्टात, नायतर कोर्टाच्या कागदात. ते तेवा पेपर वाचत होते. माका वाटला, ऐकलाच नाय."

मी विचारलं, त्यांना सांगू का, तुम्हाला कळलं म्हणून.

"सांगू नकात," त्या घाईने म्हणाल्या. "लाजतले ते. मगे रोज तेंची निगा कोण करतला?" आणि पदराने तोंड पुसून हसल्या. "पुढच्या वर्साक आणखी एक-दोन आणूक सांगा. शांत बघून."

विनूने हाक मारली. त्या गाडीत चढल्या. खिडकीतून नातीचा हात बराच वेळ हलत होता.

मी परत आलो तेव्हा शिरस्तेदार बाही वर करून पेटीशी होते. एक बादली गढूळ पाण्याची, एक स्वच्छ. माझी चाहूल लागली तरी त्यांनी मान वळवली नाही.

"गाडी वेळार सुटली?"

सुटली, मी म्हणालो.

"जागा?"

खिडकीची मिळाली, मी सांगितलं.

"खंयच्या बाजूची?"

मला आठवावं लागलं. डावीकडची, मी म्हणालो, दाराच्या बाजूची.

त्यांचा हात पाण्यातच थांबला. "हायवेक लागल्यार ऊन थेट तोंडार येता तिच्या," ते म्हणाले. मी म्हणालो, त्या पदर ओढून घेतील, नाहीतर विनू जागा बदलून घेईल. त्यांनी ते ऐकल्यासारखं दिसलं नाही. हात पंच्याला पुसत ते बाहेर खळ्यात गेले.

मी चहा करून नेला तेव्हा ते खळ्याच्या मध्यावर उभे होते, समुद्राकडे तोंड करून, कपाळावर हात धरून. सूर्य माडांच्या शेंड्यांच्या अजून बराच वर होता. पावसाळा सरतासरताचं ते ऊन, धुतल्यासारखं लख्ख आणि बोचरं. मी कप पडवीच्या पेळेवर, त्या बुटक्या कठड्यावर ठेवला. एक ढग आला आणि सूर्यावरून गेला, तेवढ्यापुरता त्यांचा हात खाली आला. ढग सरकला तसा हात पुन्हा वर गेला. शेजारच्या काकू कुंपणाशी येऊन काय बघताय म्हणून विचारून गेल्या.

चहावर साय धरली. मीही तिथेच पायरीवर बसून राहिलो. सूर्य माडांत शिरला, झावळ्यांच्या फटींतून काही वेळ चमकत राहिला, आणि खाली गेला.

"आता कणकवली सोडून नांदगाव इला आसतला," शिरस्तेदार म्हणाले. "आता तिका त्रास नाय."

मग त्यांनी तो गार चहा उचलला आणि उभ्यानेच पिऊन टाकला.